बाहेरून एकदम ठणठणीत दिसणारा पाइप

सकाळचं पहिलंच काम. मोटारसायकल जवळजवळ तीस वर्षं जुनी, पुढे एकच डिस्क ब्रेक, आणि काका ती ढकलत आणत होते, घामाघूम झालेले. घरून निघाले तेव्हा गाडी नीट होती, वाटेत पुढचं चाक इतकं धरायला लागलं की उतरावंच लागलं. डिस्कजवळ वाकलो तर पॅड (कॅलिपरमधले, डिस्कला दोन्हीकडून चिमटणारे) जळल्याचा वास आणि हात लावायची सोय नाही एवढी गरम. काका म्हणाले, "अहो मागच्याच महिन्यात कॅलिपर खोलून घेतलाय, सील नवे, पॅड नवे, पिस्टन साफ, तरी पंधरा मिनिटं चालवली की हेच. थोडा वेळ उभी केली की आपोआप सुटतं."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला ब्रेक ऑइल लिव्हरकडून कॅलिपरपर्यंत नेणाऱ्या पाइपाचाच संशय आला. पण संशयावर पार्ट बदलायचा नाही, आधी खात्री करायची.

चाक उचलून धरलं, लिव्हर दोनदा दाबून सोडला. चाक अर्धा फेरासुद्धा फिरेना. मग टाकीवर फडकी टाकली (ब्रेक ऑइल रंग खातं, याच्यात आळस केला की टाकीवर कायमचा डाग) आणि आधी वरचा, मास्टर सिलिंडरचा (लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा, हँडलवरचा भाग) बॅन्जो बोल्ट, म्हणजे पाइपाचं टोक धरून ठेवणारा पोकळ बोल्ट, ढिला केला. तिथे चाक सुटलं असतं तर दोष मास्टरचा, म्हणजे ऑइल परत जायचं बारीक भोक बुजलंय असं धरलं असतं. चाक तसंच जाम. मग खाली कॅलिपरचा ब्लीडर (हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) अर्धा आटा सोडला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि त्याच क्षणी चाक मोकळं! वर सोडलं तर सुटत नाही, खाली सोडलं तर सुटतं, मग मधे राहिलं काय? पाइप.

काकांना पटेना. "चीर नाही, फुगवटा नाही, ओल नाही, पाइप तर चांगला आहे की." खरंच बाहेरून चांगला होता. काढला आणि त्यांच्यासमोर ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून मऊ पडलेलं, आणि कॅलिपरकडच्या टोकाला, जिथे पाइप धातूच्या टोपणात दाबलेला असतो, तिथे टाचणी कशीबशी जाईल एवढंच भोक उरलं होतं. हाताने लिव्हर दाबला की जोर एवढा असतो की ऑइल त्यातूनही खाली जातं. पण परत येताना त्याला ढकलणारं फारसं काही नसतं, कॅलिपरमधलं चौकोनी सील जरासं पिळलेलं असतं ते सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं, बस तेवढंच. म्हणून प्रेशर आत अडकतं, पॅड घासत राहतात, डिस्क तापते. काका बराच वेळ तो तुकडा हातात धरून बघत होते.

नवा पाइप टेफलॉनचा घेतला, वरून स्टीलची जाळी. रबर प्रेशरखाली थोडं फुगतं, जुनं झालं की जास्तच, आणि हाताचा जोर पॅडपर्यंत न जाता त्या फुगण्यात वाया जातो. याच्यात तो प्रकार जवळजवळ नाही. लांबी घेताना चाक हवेत ठेवून फोर्क (पुढचे शॉक) पूर्ण लांब होऊ दिला, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघितलं, कुठेच ताण नको.

आता खरी जपायची जागा. पाइपासोबत आलेला बॅन्जो बोल्ट दहा एमएमचाच, पण बोटांनी दोन आटे गेला आणि अडकला. पाना लावला असता तर गेलाही असता, मास्टरचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे खाऊन. पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावला, बोल्ट १.० एमएमचा आणि गाडीचे आटे १.२५ चे. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. गाडीचा जुना बोल्ट चांगला होता, तोच साफ करून लावला, तांब्याचे वॉशर मात्र दोन्ही बाजूंनी नवे, ते परत कधीच वापरायचे नाहीत.

सीलबंद डब्यातलं डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल भरलं. जुनं ऑइल काळपट पडलं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, नवं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, आणि इथे तर डिस्क रोज भाजत होती.

हवा काढायला तास गेला, तरी लिव्हर मऊच. बुडबुडा बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या बॅन्जोत अडकून बसतो. लिव्हर दाबून धरला, वरचा बोल्ट किंचित सोडून लगेच आवळला, बारीक फेस आला. असं तीनदा केलं, मग लिव्हर हँडलला बांधून दोन तास तसाच ठेवला. सोडून परत हवा काढली आणि लिव्हर अर्ध्यावर दगडासारखा घट्ट. बांधलेल्या अवस्थेतच दोन्ही जोड कोऱ्या कागदाने पुसून बघितले होते, कागद कोरडा.

आधी मी एक चक्कर मारून आलो, मग काकांना दिली. चांगली वीस-पंचवीस मिनिटं फिरून आले, मी काही बोलायच्या आत स्वतःच गाडी स्टँडवर घेतली, मला पुढचं चाक उचलायला लावलं आणि हाताने एक झटका दिला. चाक फिरतच राहिलं, पॅडचा नुसता हलकासा सर्रसर्र आवाज. थांबेपर्यंत ते वाकून बघत होते. मग चिरलेला पाइप उचलला, कागदात गुंडाळला आणि खिशात टाकला.