'आलोच' म्हणजे नक्की कधी?

काल घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, बायकोचा फोन आला तर म्हटलं आलोच गं, आणि बाजूला बसलेली दहावीतली भाची फिस्सकन हसली, मामा 'आलो' तर पास्ट टेन्स ना, आपण अजून माजिवड्यालाच! खरंय की. इंग्रजीत 'आय केम' म्हटलं की माणूस पोचलेला हवा.

तिचा घोळ वेगळाच, ती लिहिते 'आय हॅव सीन हिम यस्टरडे', कारण मराठीत 'काल पाहिलंय त्याला' बिनधास्त चालतं. इंग्रजीत हॅव लावलं की काल, परवा, २०१९ मध्ये असली संपलेली वेळ जोडायची नाही, तिथे सरळ 'सॉ'. आणि 'दहा वर्षं ठाण्यात राहतोय' हे 'ॲम लिव्हिंग' नाही, 'हॅव बीन लिव्हिंग', हे मी स्वतः ऑफिसच्या मेलमध्ये कितीदा चुकवलंय देवच जाणे (तिला नाही सांगितलं).