वरचं पाणी

मंगळवारी सकाळी इनक्युबेटरमधून प्लेट बाहेर काढली आणि मी तिथेच हसले. अगारच्या जेलीवर वाढलेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या पिवळट थरात, द्रावण भरलेल्या भोकाभोवती काचेसारखं स्वच्छ, जंतू नसलेलं वर्तुळ उमटलं होतं. पट्टी लावली, 17 मिलिमीटर. पेरूच्या पानांच्या काढ्यात केलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांनी, म्हणजे नॅनोकणांनी, सलग तिसऱ्यांदा जंतू मारले होते. प्लेट खिडकीशी धरून फोटो काढला आणि आमच्या गाइड मॅडमना पाठवूनही दिला. त्यांचा अंगठा लगेच आला.

मागे आमची एमएस्सीच्या प्रोजेक्टची मुलगी उभी होती. "ताई, एक सांगायचं होतं. रागावू नका."

आदल्या संध्याकाळी मला लवकर निघायचं होतं, म्हणून शेवटचं काम तिच्यावर सोपवलं होतं. द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं, वरचं पाणी टाकून द्यायचं, तळाशी बसलेला कणांचा साका डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुऊन त्यातच परत कालवायचा आणि तो प्लेटच्या भोकांत भरायचा. घाईत तिने नेमकं उलट केलं. साका वेस्टच्या बाटलीत गेला आणि वरचं पाणी प्लेटमध्ये. रात्री हॉस्टेलवर जेवताना तिच्या लक्षात आलं म्हणे.

म्हणजे या प्लेटमध्ये कण जवळजवळ नव्हतेच.

"मग हे वर्तुळ कशाचं, ताई?"

उत्तर मला लगेच सुचलं होतं. तोंडातून काढायला मात्र वेळ लागला.

आमची कृती स्वयंपाकासारखीच. पेरूची 10 ग्रॅम पानं धुऊन, चिरून 100 मिलिलिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळायची. लॅबभर तोच तुरट वास सुटतो; तोंड आलं की आजी हीच पानं चावायला लावायची. काढा गाळून घ्यायचा आणि त्यातला एक भाग सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराच्या विरळ द्रावणाच्या नऊ भागांत घालायचा. एक मिलिमोलर द्रावण, म्हणजे लिटरमागे 0.17 ग्रॅम. अर्ध्या तासात रंग बदलायला लागतो: आधी फिकट पिवळा, मग चहासारखा, मग काळपट तपकिरी. पानांतली टॅनिन्स आणि फ्लॅव्होनॉइड्स चांदीच्या आयनांना (विद्युतभार असलेल्या अणूंना) इलेक्ट्रॉन देतात, आयनांचे अणू होतात, अणू गोळा होऊन कण बनतात, आणि काढ्यातलेच पदार्थ त्या कणांवर लेप देऊन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. वेगळं विषारी रसायन लागत नाही, म्हणून याला हरित पद्धत म्हणतात. या विषयाकडे मी वळले तीही पुण्यातल्याच कामामुळे. नॅशनल केमिकल लॅबोरेटरीत मुरली शास्त्री यांच्या गटाने 2004 साली कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यात चांदी-सोन्याचे कण केले होते आणि गवती चहाच्या जातीतल्या गवताच्या काढ्यात सोन्याचे चपटे त्रिकोण.

तर रंग आला होता. कोणता प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 430 नॅनोमीटरच्या आसपास चांदीच्या कणांचा ओळखीचा उंचवटाही दिसला होता. कण बनले होते यात शंका नाही. पण तो उंचवटा किती चांदीचे कण झाले ते सांगतो. किती चांदी न बदलता पाण्यात तशीच फिरते आहे, हे तो सांगत नाही. आधीच्या दोन्ही वेळी मी अख्खं तपकिरी द्रावणच, न फिरवता, प्लेटमध्ये घातलं होतं. या विषयावरचे कितीतरी पेपर असेच लिहिलेले दिसतात, मीही त्यातलीच.

"मीठ आण," मी तिला म्हटलं.

शाळेत सगळ्यांनी केलेला प्रयोग. सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी घातलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. सोमवारचं वरचं पाणी थोडं उरलं होतं, सरबतासारखं फिकट पिवळं. दोन थेंब मिठाचं पाणी पडलं आणि नळीतलं सगळं ताकासारखं झालं. तुलनेसाठी नुसत्या काढ्यातही मीठ घालून पाहिलं, तो जसा होता तसाच राहिला. ताकाची नळी मी खिडकीत उन्हात ठेवली. जेवून आलो तोवर तिच्यावर जांभळट करडी छटा चढली होती. सिल्व्हर क्लोराइड उन्हात असंच काळवंडतं.

म्हणजे माझं 17 मिलिमीटरचं वर्तुळ साध्या सिल्व्हर नायट्रेटचं होतं. आणि सिल्व्हर नायट्रेट जंतू मारतं ही काही बातमी नव्हे. 1880 च्या सुमारास जर्मनीत लाइप्झिगला क्रेडे नावाचे डॉक्टर नवजात बाळांच्या डोळ्यांत त्याचेच थेंब घालून आंधळेपण टाळत होते. भाजलेल्या रुग्णांना लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलमही चांदीच्या आयनांवरच चालतं. सव्वाशे वर्षांहून जुना शोध मी पेरूच्या नावाने पुन्हा लावत होते.

मॅडमना दुसरा मेसेज करायला दुपार झाली. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या खाली आल्या, नळी पाहिली आणि एवढंच विचारलं, "नुसत्या सिल्व्हर नायट्रेटचं भोक कुठंय?" नव्हतंच. माझ्याकडे कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, नुसतं पाणी होतं आणि एक अँटिबायोटिकची चकती. सगळ्यांत महत्त्वाचं भोक मी पाडलंच नव्हतं.

बुधवारी एकाच प्लेटमध्ये पाच भोकं पाडली: अख्खं द्रावण, वरचं पाणी, तीनदा धुतलेला साका, नुसता काढा, आणि तेवढ्याच ताकदीचं सिल्व्हर नायट्रेट. गुरुवारी पाहिलं तर पहिलं, दुसरं आणि पाचवं वर्तुळ जवळजवळ सारखंच. काढ्याभोवती काहीच नाही. धुतलेल्या कणांचं 10 मिलिमीटर, त्यातले 6 तर भोकाचेच.

माझा चेहरा पाहून मॅडम म्हणाल्या, "छोटं वर्तुळ म्हणजे कण निकामी असं समजू नकोस." अगार म्हणजे चाळणीच. आयन तिच्यातून सरासर पसरतात, लेप चढलेले कण भोकाच्या काठाशीच अडकतात. त्यामुळे वर्तुळ मोजून कणांची ताकद कळत नाही. त्यांना द्रव माध्यमात जंतूंबरोबर ठेवून, किती मात्रेला वाढ थांबते ते बघावं लागतं. तीन महिने मी जे पट्टीने मोजत होते, ते पसरणं होतं.

त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला. तिला शुगर आहे, टाचेची जखम तीन महिने भरत नाही. आईने तिला सांगून ठेवलं होतं की माझी मुलगी पेरूच्या पानांचं औषध करते. "एक बाटली पाठव गं. पानांचंच आहे ना, अपाय काय व्हायचाय?"

सोमवारी विचारलं असतं तर मी तिला काय म्हटलं असतं, कोण जाणे. त्या बाटलीत पानं नावापुरती होती. बाकी होती चांदी, आणि तीही किती ते मला सांगता आलं नसतं. चांदीचं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसांची कातडी कायमची निळसर करडी पडल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. आत्याला एवढं सगळं सांगितलं नाही. बाटली मिळणार नाही, उद्याच्या उद्या सर्जनला पाय दाखव आणि आधी शुगर तपास, म्हटलं. ती रुसली. "एवढी शिकलीस, घरच्यांना उपयोग नाही," म्हणाली आणि फोन आईकडे दिला.

पुढच्या आठवड्यात काढ्याचं प्रमाण वाढवलं, द्रावण थोडं अल्कधर्मी करून 60 अंशांवर ठेवलं. आता दर वेळी पहिली परीक्षा मिठाची. चौथ्या खेपेला वरचं पाणी मीठ घालूनही नितळ राहिलं, तेव्हा कुठे कण धुवायला घेतले.

वहीतलं सोमवारचं पान फाडता येत नाही, तसा नियमच आहे. "17 मिमी"खाली मी लाल शाईने ओढलेल्या दोन रेघा तशाच आहेत. शेजारी मुलीने तिच्या गोल अक्षरात लिहिलंय: वरचं पाणी, कण नव्हेत. खाली तारीख आणि आमच्या दोघींच्या सह्या.

मिठाच्या गडबडीत तिने ग्लोव्ह्ज घातले नव्हते. दुसऱ्या दिवशी बोटांची टोकं आणि एक नख काळं. "ताई, हे कधी जाणार?"

"मतदानाच्या शाईत पण सिल्व्हर नायट्रेटच असतं," मी म्हटलं. "बोटावरचं जाईल आठ-पंधरा दिवसांत. नखावरचं नख वाढेल तसं."