सोळा वर्षांच्या पोराला आत घ्या

रविवार, रात्र

हार्डकोर पंक, म्हणजे वेगवान आणि ओरडून गायलेलं पंक रॉक, ज्यांनी उभं केलं, त्यातली कितीतरी पोरं दारू प्यायच्या वयाची नव्हती. आज दिवसभर हेच डोक्यात फिरतंय.

1980 चा उन्हाळा. वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा बँड, पोरं जेमतेम शाळेतून बाहेर पडलेली. ग्रेहाउंडच्या बसने अख्खा देश ओलांडून ती कॅलिफोर्नियाला गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स क्लबात वयाची अडचण आली, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांच्या हातावर काळी मोठी फुली मारली. याला आत सोडा, दारू देऊ नका, एवढाच तिचा अर्थ. पोरांनी ती युक्ती गावी नेली आणि तिथल्या क्लबवाल्यांच्या गळी उतरवली. पुढे बँड फुटला, पण गिगांमधून, म्हणजे बँडच्या कार्यक्रमांतून, साठलेले पैसे त्यांनी वाटून घेतले नाहीत. त्यातून एक छोटी रेकॉर्ड काढली आणि डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही त्यांची रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. त्यांचा बासिस्ट इयन मकाय. त्याने पुढे मायनर थ्रेट या बँडमध्ये दारू-ड्रग्जशिवाय जगण्यावर गाणं केलं आणि हातावरची ती फुली जगभरातली पोरं अभिमानाने मिरवू लागली. एका फसत आलेल्या दौऱ्यातून हे सगळं निघालं.

हे आज आठवायचं कारण माझा भाचा. काल कोरेगाव पार्कच्या बाजूला एक गिग होतं. हार्डकोर वाजवणारे बँड पुण्यात येतात कधीतरीच, त्यामुळे महिनाभर तो त्याच दिवसाची वाट बघत होता. दारावर ओळखपत्र मागितलं, वय सोळा, विषय संपला. सोबत मोठं माणूस होतं तरी नाही. आपल्याकडे बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस असा कायदा आहे आणि गिगं होतात ती पबमध्ये किंवा ब्रूअरीत. तिथे बँडला मिळणारा पैसा शेवटी बारच्या गल्ल्यातूनच निघतो. दारू न पिणाऱ्या पोराला आत घेण्यात जागेवाल्याला काडीचा फायदा नाही, वर लायसन्सची जोखीम. मला राग एकट्या त्या दारावरच्या माणसाचा नाही. अख्ख्या शहरात या संगीताला दुसरं दारच नाही, याचा आहे.

आज जेवायला आला होता. ताट बाजूला सारून दोन पेन्सिली घेतल्या आणि टेबलाच्या कडेवर मला डी-बीट, हार्डकोरचा तो धावता ठेका, वाजवून दाखवला. धुम्‌ता धुधुम्‌ता, धुम्‌ता धुधुम्‌ता. डाव्या पायाची टाच फरशीवर, उजव्या हाताचं मनगट सैल, आमटीची वाटी थरथरतेय. ढोल-ताशा पथकात तो ताशा वाजवतो, म्हणून काड्यांवर हात बसलेला आहे. म्हणाला, "आत्या, पथकात माझ्यापेक्षा लहान मुलीपण आहेत. नदीकाठी रोज प्रॅक्टिस, कुणी वय विचारत नाही. मग इथेच का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला मी त्या ठेक्याचाच प्रवास सांगितला. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या पॉटरीच्या गावातला डिस्चार्ज हा बँड. त्यांचा ठेका स्वीडनमध्ये अँटी सिमेक्सने उचलला, जपानमध्ये कोचीच्या डिस्क्लोजने तर त्यालाच वाहून घेतलं. तिकडे फिनलंडचा तेर्वेत कादेत फिनिशमध्ये ओरडत होता आणि ब्राझीलमधली पोरं त्याच्या टेपवर जीव टाकत होती. साओ पावलोचा रातोस दे पोराव 1981 मध्ये सुरू झाला, गायला पोर्तुगीजमध्ये. फिनिश कुणाला कळत होतं? पण आपल्या भाषेत, आपल्या शहराबद्दल ओरडायचं, एवढं बरोबर पोचलं. काठमांडूचा राई को रीस नेपाळीत गायला. मुंबईत द रायट पेडलर्स झाले, डेथ बाय फंगाय झाला. मराठीतलं हार्डकोर मला ऐकायचंय, अगदी मनापासून ऐकायचंय, आणि ते पंचविशी ओलांडलेल्यांकडून येईल असं मला वाटत नाही.

हे बँड जग फिरले ते मोठ्या कंपनीच्या पैशावर नाही. कॅलिफोर्नियाचा ब्लॅक फ्लॅग व्हॅनमध्ये अँप (अँप्लिफायर) कोंबून गावोगाव गेला. इटलीचा रॉ पॉवर 1984 मध्ये अमेरिका फिरून आला. 1982 मध्ये निघालेल्या मॅक्सिमम रॉकनरोल मासिकात देशोदेशीच्या पोरांनी लिहिलेले आपापल्या गावचे अहवाल यायचे: इथे हे बँड आहेत, या पत्त्यावर पत्र टाका. पत्र टाकलं की त्या गावातलं कुणीतरी हॉल बघायचं, पोस्टर चिकटवायचं, पातेलंभर पास्ता शिजवायचं आणि रात्री बँडला आपल्या खोलीत जमिनीवर जागा द्यायचं. बँडचं नाव सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मते खरा सीन, म्हणजे या संगीताभोवतीचं जग, हा जागा देणारा माणूस.

आणि हे नातं नुसतं गाण्यापुरतं नाही. डिसेंबर 2011 मध्ये इंडोनेशियातल्या बांदा आचेहमध्ये पोलिसांनी एका गिगमधून चौसष्ट पंक पोरापोरींना उचललं, मुलांची डोकी भादरली. त्यानंतर दूरदूरच्या देशांतल्या अनोळखी पंक लोकांनी निदर्शनं केली, कुणी त्यांच्यासाठी गाण्यांच्या टेप जमवल्या. ते फोटो मी तेव्हा पाहिले होते, अजून विसरलेले नाही.

पुण्यात मोठे महोत्सव कमी झाले नाहीत. एनएच7 वीकेंडर 2010 मध्ये इथेच सुरू झाला. चांगलंच आहे. पण महोत्सवाच्या तिकिटात पोराचा महिन्याचा क्लास निघतो. इयन मकायच्याच पुढच्या फुगाझी या बँडने वर्षानुवर्षं गिगचं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि सगळ्या वयांना प्रवेश दिला.

न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात ऐंशीच्या दशकात हार्डकोरची गिगं रविवारी दुपारी व्हायची, म्हणून शाळकरी पोरांना येता यायचं. हे आपल्याला का जमू नये? या शहरात प्रायोगिक नाटकवाल्यांनी छोट्या सभागृहांत आपले दिवे आपण लावून प्रयोग केलेत. बार नसलेला शंभरेक माणसांचा हॉल, रविवारी दुपारी तीन ते सहा. दहाच्या आत आवाज बंद करायची भानगड नाही, पोरांना पीएमपीची बस मिळते, आईबापांचा जीव टांगणीला लागत नाही. मुंबईचा बँड सकाळी निघाला तर जेवायला आमच्याकडे पोचेल. हॉलमध्ये गाद्या-गिरद्या पसरलेल्या जमिनीवर पिट, म्हणजे स्टेजपुढची धक्काबुक्कीची नाचाची जागा, होणार नाही, त्या आधी उचलून ठेवाव्या लागतील. ड्रमकिट भाच्याच्या सरांचं मागता येईल. अँप भाड्याने मिळतात, साउंडवाला मात्र असा हवा की ज्याला एवढ्या आवाजाची भीती नाही.

उद्या दुपारी दोन सभागृहांना फोन करणार आहे. भाडं आणि अनामत विचारायची, खुर्च्या काढता येतात का तेही. भाच्याला पोस्टरचं काम दिलंय. वयाची अट लिहायची नाही, एवढं त्याला बजावून सांगितलं.