तांदळाच्या डब्याला टेकवलेला फोन

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण रविवारी सकाळी हे घरात बसलेले मी पहिल्यांदा पाहिले ते 22 मार्च 2020 ला. जनता कर्फ्यू. पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको असले तरी खरं सांगते, मला बरंच वाटलं. आयता चहा पीत गप्पा झाल्या.

पुढच्या रविवारपासून मात्र आमचं स्वयंपाकघरच देऊळ झालं. नगरच्या त्या घरात रेंज फक्त ओट्यापाशी. तांदळाच्या डब्याला फोन टेकवायचा, वर झगा, खाली लुंगी, आणि उपदेश. कुकरची शिट्टी झाली की पहिल्यापासून.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, 10 एप्रिलला, मंडळीतल्या सात जणांकडून येशूचे क्रुसावरचे सात उद्गार व्हॉट्सॲपवर मागवले. एरवी बारा ते तीन उपासना चालते. त्या वर्षी ते सगळं जोडत हे आदल्या रात्री दोनपर्यंत जागे. पाचवा उद्गार, ‘मला तहान लागली आहे’, त्याच्यामागे कुणाच्या तरी घरातला मिक्सर चालू!

मला हसू आलं, यांना नाही. यांचं बिनसलं होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून. बावीस मिनिटांचा उपदेश ग्रुपवर टाकला की मिनिटाच्या आत वीस ‘आमेन’ आणि हात जोडलेली चित्रं. “अगं, ऐकलं कधी यांनी?” देवळात कधी डोकी न मोजलेला माणूस किती जणांनी पाहिलं ते रात्री उठून बघायला लागला. झोप गेली, चिडचिड वाढली. दफनविधीला वीसच माणसं, तीही लांब लांब उभी. घरी आल्यावर हे अंघोळ करून ओल्या केसांनी तासभर गच्चीत बसायचे. फोन तर सतत: “पाळकसाहेब, प्रार्थना करा.” पाळकासाठी कोण करणार, हे विचारायची आपल्यात पद्धत नाही.

एक मावशी होत्या, बटणांचा फोन. त्यांना ग्रुप नाही, व्हिडिओ नाही. रोज संध्याकाळी सातला फोन करायच्या. हे बायबलमधलं तेविसावं स्तोत्र वाचून दाखवायचे आणि त्या ओळीओळीला हुंकार द्यायच्या. तेवढी दहा मिनिटं यांचा आवाज पूर्वीचा व्हायचा.

16 नोव्हेंबरला, पाडव्याला, प्रार्थनास्थळं उघडली. आता रविवारी फोन स्टँडवर असतो, पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी. उपासना संपली की तो मी पर्समध्ये टाकते आणि जेवणं होईपर्यंत देत नाही.

मावशींचा फोन अजून येतो. स्तोत्राआधी त्या विचारतात, “जेवलात का, पाळकसाहेब?”