वहिनीची दाढ

मंगळवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी वहिनीनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि एक शब्द न बोलता आत गेली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, सगळं रोजच्यासारखंच. ती वळली तेवढ्यात माझ्या मनात निकालही लागून गेला होता: तिला मी जड झालेय.

आज मी वही काढली. समुपदेशक बाईंनी रकाने आखून दिलेत: काय घडलं, मनात काय आलं, पुरावा काय. पुराव्याच्या रकान्यात लिहायला काहीच सापडेना. मग उठून विचारलंच. वहिनी गालावर हात धरून म्हणाली, "दाढ लई ठणकायलीय ताई, तोंड उघडवंना."

इथं मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण लगेच आतून आलं: बघ, तिला एवढा त्रास होतोय आणि तुला पत्ताही नाही. मला सोडवायला आलेला पुरावाच त्या विचारानं आपल्या बाजूनं साक्षीला उभा केला.

लोक मायेनंच सांगतात, "चांगला विचार कर गं." त्यांना कसं समजावू? तो मला विचार वाटतच नाही. सोलापुरात मे महिन्यात ऊन असतं, तितकं ते खरं वाटतं. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये हेच टिपलं होतं. स्वतःबद्दल, जगाबद्दल, पुढच्या दिवसांबद्दल असे काळे विचार आपोआप येतात आणि त्यांच्या बुडाशी एखादी जुनी, घट्ट समजूत असते.

माझी समजूत कुठली, ते मला ठाऊक आहे. चौथीत मला टायफॉईड झाला. वडील यंत्रमागावर कामाला. माझ्यापायी त्यांचा आठवडाभर खाडा पडला. शनिवारी आई रिकामा डबा हलवून म्हणाली, "हिच्या दुखण्यात पगार गेला." ती थकून बोलली होती, आज कळतं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

बायपोलरचं, म्हणजे मन कधी फार उधाणतं तर कधी पार खचतं त्या आजाराचं, निदान फार पुढे झालं. त्यावरच्या लिथियम या औषधानं मला अंथरुणातून उठवलं, हे मी विसरणार नाही. गोळी चुकवत नाही, औषधाची रक्तातली पातळी वेळेवर तपासून घेते. पण ही समजूत आजाराच्याही आधीची. तिच्यासाठी वहीच हवी, आणि ते काम फार हळू चालतं.

साडेनऊला वहिनीला लवंग दिली. ती दाढेखाली धरून माझ्याच गादीवर येऊन टेकली, दहापर्यंत बसली. पुराव्याच्या रकान्यात तेवढं लिहून ठेवलंय.