हाफ-बॉलची रेघ बरोबर, तरी बॉल पॉकेटच्या ओठावर का अडतो?

पूलमध्ये क्यूची (काठीची) रेघ ऑब्जेक्ट बॉलच्या (जो पॉकेटमध्ये टाकायचा त्या बॉलच्या) कडेवरून गेली, की व्हाइट बॉल त्याचा अर्धा भाग झाकतो: हा हाफ-बॉल. कट, म्हणजे ऑब्जेक्ट बॉल क्यूच्या रेघेपासून जितका वळतो तो कोन, तेव्हा ३० अंशांचा. पाऊण बॉलला साधारण १४.५, पाव बॉलला ४८.६. ही भूमिती पक्की आहे. घोस्ट बॉलचंही (टक्करीच्या क्षणी व्हाइट बॉल जिथे हवा, तिथे कल्पलेला बॉल) तेच: व्हाइट बॉलचं केंद्र स्पर्शबिंदूच्या २८.६ मिमी मागे यायला हवं, कारण बॉलचा व्यास ५७.१५ मिमी.

बिघडतं ते घर्षणामुळे. टक्कर होताना व्हाइट बॉल ऑब्जेक्ट बॉलला स्वतःच्या दिशेने किंचित ओढतो, म्हणजे कट कमी बसतो. हळू मारलेल्या स्टन शॉटला (टक्करीच्या क्षणी व्हाइट बॉल पुढे-मागे न फिरता नुसता घसरत असतो) हा ‘थ्रो’ सर्वात जास्त, तोही नेमका हाफ-बॉलच्या आसपास. ३ अंश सरकला तरी १ मीटरवर ५ सेंमी चुकतं. नाशिकच्या पावसाळ्यात हाताचा घाम आणि खडूची पूड बॉलवर चिकटते, तेव्हा तर फारच. फ्रेमआधी बॉल कोरड्या फडक्याने पुसाच!

उपाय? नेम किंचित पातळ (ऑब्जेक्ट बॉलच्या आणखी कडेला) धरा, किंवा कटच्या बाहेरच्या बाजूचा थोडा साइड (व्हाइट बॉलच्या मध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे मारून दिलेली फिरकी) द्या. पण साइड दिला की व्हाइट बॉल उलट दिशेला सरकतो, तेही धरावं लागतं. म्हणून नवख्यांनी आधी साइड न देता, एकाच वेगाने, एकच हाफ-बॉल शॉट ५० वेळा मारावा.