बडोद्याहून संसद भवन बघायला गेलो: माझा अनुभव

दिल्लीहून आल्यापासून दांडिया बाजारात जो भेटतो तो हेच विचारतो, संसदेचा पास कसा काढला, ओळख लागते का, आत नेमकं काय दाखवतात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे अधिवेशन चालू असताना गॅलरीत बसून कामकाज बघणं वेगळं आणि अधिवेशन नसताना गाइडबरोबर फिरून इमारत बघणं वेगळं. गॅलरीचा पास खासदारामार्फत मिळतो, तो ठराविक वेळेपुरताच असतो, दहा वर्षांखालच्या मुलांना तिथे सोडत नाहीत, आणि १३ डिसेंबर २०२३ ला दोघांनी गॅलरीतून खाली सभागृहात उड्या टाकल्या तेव्हापासून तपासणी अजूनच कडक झालीये. आम्हाला इमारत बघायची होती, त्यातही बाबांना एकच गोष्ट बघायची होती, जुन्या संसदेतला सेंट्रल हॉल. बाबांची सगळी नोकरी बडोद्याच्या युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत गेली, आणि जिच्या नावाची ही लायब्ररी त्या हंसाबेन ज्या हॉलमध्ये संविधान सभेच्या सदस्य म्हणून बसल्या तो एकदा बघायचाच हे त्यांच्या डोक्यात कधीपासून होतं.

अर्ज आम्ही खासदारांच्या ऑफिसातून केला. नावं आधारवर आहेत अगदी तशीच लिहायची, वय, पत्ता, मोबाइल नंबर, सोबत आधारच्या झेरॉक्स. तारीख एकच देऊ नका, दोन-तीन द्या, आणि त्या अधिवेशनाच्या बाहेरच्या आहेत ना ते बघून द्या. उत्तर यायला वेळ लागतो, मध्ये फोन करून आठवण करून द्यावी लागली पण त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, त्यांच्याकडे असे ढीगभर अर्ज असतात. पक्कं झाल्यावर ऑगस्ट क्रांती राजधानीचं बुकिंग केलं. बडोद्याहून रात्री बसलं की सकाळी हजरत निझामुद्दीन. त्याच दिवशीची वेळ घेऊ नका, गाडी लेट झाली तर सगळंच हुकेल, आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर एक दिवस आराम हवाच. दुसऱ्या दिवशी मेट्रोने केंद्रीय सचिवालय स्टेशन गाठलं.

तपासणीला बराच वेळ जातो. मोबाइल आत नेता येत नाही, बॅग नाही, खायचं काही नाही, त्यामुळे बडोद्याहून नेलेला लीलो चेवडो हॉटेलवरच ठेवला होता. ओरिजिनल ओळखपत्र मात्र प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवायचं. बाबांच्या गोळ्यांबद्दल मी आधीच विचारून घेतलं होतं, तुम्हीही घ्या. आतला स्टाफ एकदम नीट वागला, बाबांना दम लागला तर थांबू देत होते, गाइड हिंदीत बोलत होता आणि प्रश्न विचारलेले त्याला आवडत होते असं दिसलं.

नवी इमारत त्रिकोणी आहे, २८ मे २०२३ ला उद्घाटन झालं, आर्किटेक्ट अहमदाबादचे बिमल पटेल. लोकसभेची थीम मोर, तिथे ८८८ सीट आहेत, राज्यसभेची थीम कमळ, तिथे ३८४. टीव्हीवर बघून अंदाज येत नाही हो, लोकसभेचं सभागृह प्रत्यक्षात केवढं मोठं आहे! सध्याच्या ५४३ खासदारांच्या मानाने कितीतरी जागा जास्त. अध्यक्षांच्या खुर्चीजवळ सेंगोल, म्हणजे राजदंड, आहे. सागवान नागपूरचं, गालिचे मिर्झापूर-भदोहीकडचे, त्यांच्यावर पाय ठेवायला जीव होत नाही.

पण आमचा भाचा अडकला तो कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये. तिथे छतापासून एक लंबक सोडलाय, फूकोचा लंबक, २२ मीटर उंचीवरून, खालचा गोळा ३६ किलोचा. गोळा सावकाश इकडून तिकडे जातो, बघताना वाटतं की एकाच रेषेत चाललाय, पण पृथ्वी फिरते त्यामुळे ती रेषा हळूहळू वळत जाते, आणि दिल्लीत पूर्ण एक फेरी व्हायला जवळजवळ ५० तास लागतात. भाचा पॉलिटेक्निकला आहे, तो म्हणाला, "आजोबा, गोळा नाही वळत, आपण वळतोय." रात्री हॉटेलवर बसून त्याने बडोद्याचा हिशोब पण काढला, हा वेळ अक्षांशावर ठरतो ना, आपल्याकडे लावला तर ६३ तासांच्या आसपास येतील, आणि विषुववृत्तावर रेषा वळणारच नाही. शाळेच्या ट्रिपा नेत असाल तर इथे मुलांना भरपूर वेळ द्या, बाकीच्या ठिकाणी थोडं कमी थांबलं तरी चालेल.

मग जुनी इमारत, आता तिचं नाव संविधान सदन. बेकर आणि लुटियन्स या इंग्रज आर्किटेक्टची, १९२७ मध्ये सुरू झालेली, बाहेरून १४४ खांब. दोन्ही इमारती प्रत्येक वेळी दाखवतीलच असं धरून चालू नका, अर्ज करतानाच स्पष्ट विचारा. आम्हाला सेंट्रल हॉल दाखवला आणि माझ्यासाठी तरी हा सगळा प्रवास त्याच्यासाठीच होता. घुमट इतका उंच की पंखे वरून लटकवलेले नाहीत, जमिनीवरून उभ्या खांबांवर उलटे बसवलेत. भिंतींवर नेत्यांची तैलचित्रं, त्यात दादाभाई नौरोजी, जे १८७४ मध्ये आपल्या बडोद्याचे दिवाण होते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, त्यांचाही जन्म बडोद्याचा, १८८८ चा. हे बडोद्यातच किती जणांना माहीत आहे? आपल्या मराठी माणसांनाही नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

इथेच ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेची पहिली बैठक झाली. आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री, नेहरूंचं भाषण झालं, सदस्यांनी शपथ घेतली, त्यानंतर हंसाबेन उठल्या आणि भारतातल्या स्त्रियांच्या वतीने सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला. हे खरं तर सरोजिनी नायडूंनी करायचं होतं, त्या नव्हत्या. पुढे १९४९ मध्ये हंसाबेन आपल्या युनिव्हर्सिटीच्या कुलगुरू झाल्या. गाइडने शपथेचं सांगितलं, भाषणाचं सांगितलं, ध्वजाचं राहिलं. तेव्हा बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "साहब, झंडा किसने दिया था, वो भी बताइए ना." गाइडने त्यांनाच सांगायला लावलं. बाबांनी त्यांच्या बडोदा हिंदीत सगळ्या ग्रुपला सांगितलं, ध्वज दिला तिथपासून ते हंसाबेननी १९४६ मध्येच याच सभेत स्त्रियांसाठी राखीव जागा मागायला नकार दिला होता तिथपर्यंत. शेवटी म्हणाले, "इनके नाम का ठप्पा मैंने हजारों किताबों पे मारा है." कानपूरच्या एका कॉलेजच्या मुली होत्या, त्यांनी बाबांना घेरलंच, प्रश्नावर प्रश्न. नवीन इमारतीत लोकसभेत मांडलेलं पहिलं विधेयक महिला आरक्षणाचंच होतं, सप्टेंबर २०२३, तर मुलींमध्ये हंसाबेन बरोबर की चूक यावरच वाद सुरू झाला आणि गाइडला सगळ्यांना पुढे हाकावं लागलं.

बाहेर प्रेरणा स्थळाकडे गांधीजींचा बसलेला १६ फुटी ब्राँझचा पुतळा आहे, तो आपल्या धुळ्याकडच्या राम सुतारांनी केलेला, तोही चुकवू नका.

जाणार असाल तर संविधान सभेच्या चर्चा संसदेच्या साइटवर फुकट वाचायला मिळतात, निदान १४ ऑगस्ट १९४७ ची बैठक वाचून जा, फार मोठी नाही. अर्जाचा नमुना कोणाला हवा असेल तर माझ्याकडे आहे, संध्याकाळी सहानंतर कधीही घरी या, बाबाही असतात.